चित्रजल आणि ‘वास्तव’ ही कसोटी

१

संगणकाच्या साहाय्याने निर्माण केलेल्या समुद्राची, पुराची अथवा पेल्यात ओतल्या जाणाऱ्या पाण्याची प्रशंसा करावयाची असते, तेव्हा ‘हुबेहूब’ आणि ‘वास्तव’ हे दोन शब्द बहुधा सर्वप्रथम पुढे येतात. हे शब्द प्रशंसेला पुरेसे असले, तरी समीक्षेला पुरेसे नाहीत; कारण ‘वास्तव’ या एका शब्दाच्या पोटात निदान तीन निरनिराळ्या मागण्या नांदत असतात. पहिली मागणी नियमाची : पडद्यावरील पाण्याने निसर्गातील पाण्याचे गतिनियम पाळले पाहिजेत. दुसरी रूपाची : ते पाणी पाहणाऱ्याला पाण्यासारखे दिसले पाहिजे. तिसरी प्रयोजनाची : ज्या दृश्यासाठी ते निर्माण केले, त्या दृश्याचे कार्य त्याने साधले पाहिजे. या तिन्ही मागण्या एकमेकींना पूरकच असतात, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. नियम जितका काटेकोर पाळावा तितके रूप अधिक पटते, आणि रूप जितके पटावे तितके प्रयोजन अधिक सफल होते, अशी ही श्रद्धा आहे. या क्षेत्राचा इतिहासही बहुधा याच श्रद्धेने सांगितला जातो : आरंभी ओबडधोबड युक्त्या होत्या, पुढे समीकरणे आली, संगणक वेगवान झाले, आणि पाणी उत्तरोत्तर खरे होत गेले.

प्रत्यक्ष कृतींचे परीक्षण केले असता मात्र हा सरळ चढता इतिहास टिकत नाही. या कलेतील काही अत्यंत पटणाऱ्या समुद्रांत द्रव असा नाहीच. उलट द्रवाची समीकरणे मनोभावे सोडविणाऱ्या काही कृतींतील पाणी साखरेच्या पाकासारखे जड वाटते. हा विपर्यास कशामुळे उत्पन्न होतो, याचा विचार केल्याखेरीज ‘वास्तव’ ही कसोटी वापरण्याचा अधिकार समीक्षकाला प्राप्त होत नाही.

२

पाण्याच्या संगणकीय चित्रणात स्थूलमानाने दोन परंपरा दिसतात. एक पाण्याच्या पृष्ठाचा विचार करते, दुसरी पाण्याच्या देहाचा. पहिल्या परंपरेचे मूळ एकोणिसाव्या शतकातील तरंगशास्त्रात आहे. लाट पुढे जाताना पाण्याचा प्रत्येक कण जवळजवळ जागच्या जागी वर्तुळाकार फिरतो आणि त्यामुळे लाटेचा माथा टोकदार व तिचा तळ पसरट होतो, ही कल्पना फ्रान्झ योझेफ गेर्स्टनर यांनी १८०२ मध्ये मांडली होती. अशा तरंगविचाराच्या आधारे अलँ फूर्निए आणि विल्यम रीव्ह्ज यांनी, तसेच स्वतंत्रपणे डार्विन पीची यांनी, १९८६ मध्ये सागरलाटांची चित्रणे सिद्ध केली. या परंपरेचे परिपक्व रूप म्हणजे जेरी टेसेनडॉर्फ यांची पद्धती. ‘वॉटरवर्ल्ड’ (१९९५) आणि ‘टायटॅनिक’ (१९९७) या चित्रपटांतील समुद्रासाठी ती वापरली गेली, आणि १९९९ पासून सिग्राफ परिषदेच्या अभ्यासवर्गांसाठी लिहिलेल्या टिपणांतून ती सर्वत्र प्रसृत झाली.

टेसेनडॉर्फ यांचा समुद्र म्हणजे हजारो साध्या, नियमित तरंगांची बेरीज होय. प्रत्येक तरंगाची उंची यदृच्छेने ठरते. परंतु त्या यदृच्छेला वाऱ्याची दिशा व वेग यांनी घातलेली मर्यादा असते. कोणत्या लांबीच्या तरंगांना किती वाटा द्यावयाचा, हे समुद्रशास्त्रज्ञ ओ. एम. फिलिप्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रावरून निश्चित होते. बेरजेचे अवाढव्य काम जेम्स कूली व जॉन टुकी यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शीघ्र फूरिये रूपांतराने सुकर होते. येथे दाबाचे समीकरण सुटत नाही, प्रवाह वाहत नाही, पाण्याचा एक थेंबही दुसऱ्या थेंबाला ढकलीत नाही.

आणि तरीही हा समुद्र पटतो. त्याचे कारण असे की, या पद्धतीने नियमांच्या समूहातून एकच नियम निवडला आहे आणि तो अचूक पाळला आहे. खोल पाण्यात लांब लाट आखूड लाटेपेक्षा वेगाने धावते : एक मीटर लांबीची लाट सेकंदाला सुमारे सव्वा मीटर जाते, तर शंभर मीटर लांबीची लाट सुमारे साडेबारा मीटर. लांब लाटा आखूड लाटांच्या खालून निघून जात आहेत आणि लहान तरंग त्यांच्या पाठीवर मागे पडत आहेत, हे जे दृश्य जहाजावरून दिसते, ते या एका नियमाचे फळ आहे. पाहणाऱ्याला तो नियम शब्दांत सांगता येणार नाही. पण त्याचा भंग झाल्यास त्याला तत्काळ काही तरी खटकेल. टेसेनडॉर्फ यांच्या कृतीचे मर्म या निवडीत आहे.

या समुद्राच्या मर्यादाही या निवडीतूनच येतात. तो खडकावर आपटू शकत नाही, नावेमुळे दुभंगत नाही, आणि त्याची लाट कोसळू शकत नाही. तो मूलतः एक चौकोनी तुकडा असून, फरशी बसवावी त्याप्रमाणे तो पुनःपुन्हा मांडला जातो. उंचावरून पाहणाऱ्या चाणाक्ष डोळ्याला त्यातील पुनरुक्ती सापडते. माथे टोकदार करण्यासाठी पृष्ठावरील बिंदू आडवे सरकवले जातात. ते प्रमाणाबाहेर सरकले तर पृष्ठ स्वतःवरच दुमडते आणि गणित निरर्थक होते. पण नेमक्या त्याच ठिकाणी लाट फुटण्याच्या बेतात असते, असे मानून तेथे फेस रंगविण्याची तरतूद या पद्धतीत आहे. गणिताचा भंग हाच येथे फेसाचा संकेत होतो. आपल्या माध्यमाच्या उणिवेला अर्थ प्राप्त करून देणे हे कलावंताचे जुने लक्षण आहे, आणि ते या शास्त्रीय टिपणांतही आढळावे, ही गोष्ट उपेक्षणीय नव्हे.

३

दुसरी परंपरा पाण्याच्या देहाची. क्लोद-लुई नाव्हिए यांनी १८२२ मध्ये आणि जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८४५ मध्ये मांडलेली द्रवगतीची समीकरणे हा तिचा पाया. अवकाशाची घरे पाडावयाची, प्रत्येक घरातील वेग व दाब नोंदवावयाचा, आणि काळ लहान लहान पावलांनी पुढे न्यावयाचा, हे तिचे सूत्र. लॉस अलामॉस येथील फ्रान्सिस हार्लो व जे. एडी वेल्श यांनी १९६५ मध्ये मोकळ्या पृष्ठाच्या द्रवासाठी अशी रीत सिद्ध केली होती. तिचा आधार घेऊन निक फॉस्टर व दिमित्रिस मेटॅक्सस यांनी १९९६ मध्ये चित्रणासाठी त्रिमितीय पाणी निर्माण केले. या पाण्याने अडथळ्यांना वळसा घातला, ते उसळले, आदळले. परंतु काळाची पावले अतिशय लहान ठेवावी लागत. एका पावलात द्रवाने एका घरापेक्षा अधिक अंतर तोडता कामा नये, अशा प्रकारचे बंधन कूरांट, फ्रीडरिक्स व लेवी यांनी १९२८ मध्येच दाखवून दिले होते. ते झुगारल्यास आकडे बेसुमार वाढत जाऊन सारे गणित उधळून जाते.

१९९९ मध्ये योस स्टॅम यांनी ‘स्टेबल फ्लुइड्स’ या निबंधात हा पेच सोडविला. घरातील द्रव पुढे कोठे जाईल असे न विचारता, या घरात आता जो द्रव आहे तो मागील क्षणी कोठे होता, असे त्यांनी विचारले. त्या मागील स्थळाच्या आसपासच्या घरांतील वेगांची सरासरी काढून ती येथे आणली. सरासरी ही तिच्या घटकांतील मोठ्यात मोठ्या संख्येहून मोठी असू शकत नाही; त्यामुळे पाऊल कितीही लांब टाकले तरी गणित उधळत नाही. संगणकचित्रणात भौतिक अचूकता दुय्यम असून आकार व वर्तन प्रधान आहे, ही भूमिका स्टॅम यांनी उघडपणे घेतली होती, हे विशेष लक्षात ठेवले पाहिजे. त्यांच्या पद्धतीची थोरवी नियम अधिक पाळण्यात नसून, नियमाचा कोणता अंश सोडल्यास चालेल हे ओळखण्यात आहे.

मात्र या सरासरीची किंमत द्यावी लागते. प्रत्येक पावलागणिक लहान भोवरे पुसले जातात, आणि समीकरणात श्यानता शून्य लिहिलेली असली तरी पडद्यावरील द्रव घट्ट होतो. वायूच्या चित्रणात हा दोष सौम्य मृदुतेसारखा भासतो. पाण्यात तो पाकासारखा भासतो. फॉस्टर आणि रॉन फेडकिव यांनी २००१ मध्ये ही रीत मोकळ्या पृष्ठाच्या द्रवाला लावली, तेव्हा आणखी एक अडचण ठळक झाली : पृष्ठाचे गणिती वर्णन गुळगुळीत राहावे म्हणून केलेल्या क्रियेत पातळ पापुद्रे व थेंब नाहीसे होतात, आणि पाण्याचे घनफळच घटत जाते. २००२ मध्ये डग्लस एनराइट, स्टीफन मार्श्नर व फेडकिव यांनी पृष्ठाच्या दोन्ही अंगांस कण पेरून ही गळती मोठ्या प्रमाणात थांबविली. त्यांच्या निबंधातील पेल्यात ओतले जाणारे पाणी हा या परंपरेतील एक महत्त्वाचा टप्पा मानावा लागतो. पुढे २००५ मध्ये योंगनिंग झू व रॉबर्ट ब्रिडसन यांनी ब्रॅकबिल व रुपेल यांची १९८६ मधील एक युक्ती चित्रणात आणली. घरातील सरासरी वेग कणाला सरसकट न देता, त्या वेगात झालेला बदल तेवढाच कणाच्या वेगात मिळवावयाचा, ही ती युक्ती. तिच्यामुळे पाणी एकाएकी चपळ झाले. पण या चपळाईचाही एक दोष आहे : कणांच्या वेगात बारीक कंप साचत जातो आणि शांत व्हावयास हवे ते पृष्ठ थरथरत राहते. म्हणून व्यवहारात दोन्ही रीतींचे मिश्रण करावे लागते, आणि मिश्रणाचे प्रमाण ठरविताना समीकरण मदतीला येत नाही. ते डोळ्याने ठरते.

यावरून एक सिद्धान्त काढता येतो. गणिती पद्धतीतील त्रुटी ही केवळ अंकांची उणीव नसते. तिला दृश्य रूप असते. सरासरीच्या त्रुटीचे रूप पाक, गुळगुळीतपणाच्या त्रुटीचे रूप गळती, आणि चपळाईच्या त्रुटीचे रूप थरथर. चित्रातील कुंचल्याचा फटकारा जाणकाराला ओळखता येतो, त्याप्रमाणे चित्रजलातील त्रुटीची लकब ओळखणे हे या क्षेत्रातील समीक्षेचे पहिले काम आहे. ‘पाणी खोटे वाटते’ हे विधान अपुरे आहे. ते कोणत्या रीतीने खोटे वाटते, हे सांगता आले पाहिजे.

४

त्रुटीला रूप असते याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे आकारमान. संगणकाच्या पूर्वी समुद्रातील संकटे लहान प्रतिकृतींच्या साहाय्याने हौदात चित्रित केली जात. विल्यम फ्रूड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार, जहाजाची प्रतिकृती सोळापट लहान असेल तर तिच्याभोवतालच्या लाटा चौपट शीघ्र हालतात. म्हणून चित्रण चौपट वेगाने करून ते नेहमीच्या वेगाने दाखविले की लाटांना समुद्राचे गांभीर्य प्राप्त होते. परंतु थेंब या नियमाला जुमानत नाही. थेंबाचा आकार पृष्ठताणाच्या अधीन असतो, आणि पृष्ठताण प्रतिकृतीबरोबर लहान होत नाही. हौदातील पाच मिलिमीटरचा थेंब सोळापट लहान जहाजाच्या शेजारी आठ सेंटिमीटरचा भासतो. प्रेक्षकाला फ्रूड यांचे नाव ठाऊक नसते. पण हे जहाज खेळण्यातले आहे, हे त्याला कळते.

संगणकाने प्रतिकृती हद्दपार केली. पण तिचा दोष वेगळ्या वेषात परत आला. शंभर मीटर लांबी, रुंदी व उंचीच्या अवकाशाची दहा सेंटिमीटरची घरे पाडली, तर शंभर कोटी घरे होतात. एवढा खटाटोप करूनही एका घराहून लहान थेंब त्या गणितात नाही. म्हणजे समुद्राचा लहानात लहान थेंबही मुठीएवढा. घराची बाजू निम्मी केली की घरे आठपट होतात, आणि काळाचे पाऊलही निम्मे करावे लागल्यास श्रम सोळापट. म्हणूनच मोठ्या लाटेच्या चित्रणात मुख्य गणिताच्या वर तुषार, फेस आणि धुके यांचे स्वतंत्र थर रचले जातात, आणि त्यांतील पुष्कळ भाग देहाच्या समीकरणांतून नव्हे, तर अनुभवाने बसविलेल्या नियमांतून येतो. ज्या थराने प्रेक्षकाला ‘हा समुद्र प्रचंड आहे’ असे वाटते, तोच थर बहुधा नियमदृष्ट्या सर्वांत दुबळा असतो. नियमसत्य आणि रूपसत्य यांतील अंतर याहून स्पष्टपणे दाखविता येणार नाही.

प्रकाशाची साक्षही याच दिशेने जाते. पाण्यावर सरळ पडणाऱ्या प्रकाशापैकी केवळ सुमारे दोन टक्के परावर्तित होतो. दृष्टी जसजशी पृष्ठाला समांतर होते तसतसे हे प्रमाण झपाट्याने वाढते. म्हणून पायाशी पाण्याचा तळ दिसतो आणि क्षितिजापाशी केवळ आकाश. हा फ्रेनेल यांचा नियम चुकला, तर गती निर्दोष असूनही पाणी काचेसारखे वा प्लॅस्टिकसारखे दिसते. तो साधला, तर गतीतील अनेक दोष झाकले जातात.

५

नियम आणि रूप यांत असा भेद असेल, तर पाहणाऱ्याच्या मनात ‘हे पाणी आहे’ हा प्रत्यय कशामुळे उत्पन्न होतो? हा प्रश्न नवा नाही. नटाला पाहून ‘हा राम’ अशी जी प्रतीती होते, ती यथार्थ ज्ञान नव्हे, मिथ्या ज्ञान नव्हे, संशय नव्हे आणि केवळ सादृश्याचे भानही नव्हे. चित्रातील घोड्याला पाहून ‘हा घोडा’ असे जे भान होते त्या जातीची ती आहे, असे शंकुकाचे मत अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त नोंदविले आहे. चित्रजलाचा प्रत्ययही याच जातीचा आहे. प्रेक्षक ओला होण्याची भीती बाळगीत नाही. पण ‘हे पाण्यासारखे काही तरी आहे’ असेही मनात म्हणत नाही. तो त्याला पाणी म्हणूनच पाहतो.

तथापि शंकुकाच्या अनुकृतिवादावर भट्टतौताने घेतलेला आक्षेपही येथे लागू पडतो. ज्याचे मूळ कोणी पाहिले नाही, त्याचे हे अनुकरण आहे असे कोणाला कळणार? रामाची रती कोणी पाहिली नव्हती. पेल्यातील पाणी सर्वांनी पाहिले आहे. त्यामुळे तेथे अनुकरणाची परीक्षा कठोर होते. परंतु तीस मीटर उंचीची वादळी लाट बुडणाऱ्या जहाजाच्या डेकवरून किती प्रेक्षकांनी पाहिली असेल? तेथे मूळ हाताशी नसते. प्रेक्षक ती लाट परिचित पाण्यावरून, तसेच पूर्वी पाहिलेल्या चित्रपटांवरून, पारखतो. दुसऱ्या शब्दांत, चित्रजल काही काळाने स्वतःचेच मूळ बनते. एका पिढीच्या चित्रपटांतील तुषारांची दाटी पुढील पिढीला समुद्राचे लक्षण वाटू लागते. ‘हुबेहूब’ हा निर्णय देणाऱ्याने ही शक्यता दृष्टीआड करता कामा नये.

भरताने केलेला लोकधर्मी व नाट्यधर्मी हा भेद येथे उपयुक्त ठरतो. ‘द अबिस’ (१९८९) या चित्रपटात पाण्याचा एक स्तंभ उभा राहून माणसाचा चेहरा धारण करतो. ‘मोआना’त (२०१६) समुद्र बालिकेसाठी दुभंगतो आणि मान उंचावून तिच्याकडे पाहतो. हे पाणी उघडच नाट्यधर्मी आहे. तरीही ते पाणीच राहते. कारण त्याने वजनाचा नियम मोडला असला, तरी पृष्ठाचा मोडलेला नाही. त्यातून दिसणारी वस्तू वाकडी दिसते, त्यावर उजेड चमकतो, अंगावर तरंग उठतात. कोणता नियम मोडावयाचा हे प्रयोजनाने ठरते. कोणता राखावयाचा हे औचित्याने. प्रयोजनाची मागणी नियमाच्या विरुद्ध जाऊनही कशी सफल होऊ शकते, याचा हा पुरावा आहे. आणि ती मनमानी नव्हे, याचाही.

६

या विवेचनाला अलीकडच्या काळात एक निकडीचा संदर्भ प्राप्त झाला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ओपनएआय या संस्थेने ‘सोरा’ या प्रणालीने केलेली चलच्चित्रे जाहीर केली. त्यांत कॉफीच्या पेल्यात झुंजणाऱ्या दोन चाचेगलबतांचे एक दृश्य होते. तेथे नाव्हिए-स्टोक्स समीकरणे सोडविलेली नाहीत, आणि टेसेनडॉर्फ यांच्याप्रमाणे एखादा नियम निवडून हाताने मांडलेलाही नाही; असंख्य चित्रफितींच्या अभ्यासातून पाण्याचे रूप तेवढे आत्मसात केलेले आहे. भट्टतौताचा प्रश्न येथे सर्वांत तीव्र होतो. कारण पेल्यातील समुद्राला मूळच नाही. लाटा पेल्याच्या मापाच्या असाव्यात की गलबतांच्या, हे ठरविणारा कोणताही नियम त्या दृश्यामागे कोणी नोंदविलेला नाही. पूर्वीच्या पद्धतींत त्रुटीला लकब होती आणि ती लकब विशिष्ट कारणापर्यंत नेता येत होती. पाक दिसला तर सरासरीकडे बोट दाखविता येई. येथे दोष दिसला तरी त्याचे कारण दाखविणे दुर्घट होते, आणि दोष न दिसला तर गुणाचेही.

ही केवळ कलेपुरती चिंता नाही. धरण फुटल्यास पाणी कोणत्या गल्लीपर्यंत पोचेल, हे दाखविणारे चित्र आणि चित्रपटातील पुराचे चित्र आता एकाच रंगाप्रकाशात, सारख्याच तपशिलाने सजविता येते. पडद्यावर क्षम्य ठरणारी सरासरीची घट्टता अशा अंदाजात पाण्याचा वेग कमी दाखवील, आणि गळती त्याचे घनफळ. चित्राचा पटणारेपणा हा त्या ठिकाणी पुरावा नव्हे. किंबहुना तो जितका अधिक, तितकी शंका अधिक सावध असली पाहिजे. तेथे कसोटी नियमाचीच, मग पाणी डोळ्याला कसेही दिसो.

म्हणून ‘वास्तव’ हा शब्द टाकून देण्याचे कारण नाही. तो फोडून वापरण्याचे आहे. चित्रजलाच्या परीक्षणात प्रथम हे विचारले पाहिजे की, या कृतीने कोणता नियम राखला आणि कोणता सोडला. नंतर, सोडलेल्या नियमाची त्रुटी कोणत्या रूपाने दिसते. आणि शेवटी, ती त्रुटी या प्रयोजनात क्षम्य आहे की नाही. टेसेनडॉर्फ यांचा द्रवहीन समुद्र आणि स्टॅम यांचा न उधळणारा द्रव या दोन्ही कृती या परीक्षेत उत्तीर्ण होतात. कारण दोघांनाही आपण काय सोडले हे ठाऊक होते, आणि दोघांनीही ते लिहून ठेवले. ज्या पाण्याच्या कर्त्याला हे सांगता येत नाही, ते पाणी कितीही चमकले, तरी त्याविषयीचा निर्णय समीक्षकाने राखून ठेवणेच योग्य होय.